खडक वाचायला शिकलेले वैमानिक

मार्च १९६४ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून अंतराळवीरांची एक तुकडी भूशास्त्रज्ञांच्या मागोमाग साउथ कायबाब या पायवाटेने खाली उतरू लागली. त्यांपैकी बहुतेक सगळे लष्करी वैमानिक होते आणि अनेकांनी नव्या विमानांच्या चाचण्या घेतलेल्या होत्या. आता त्यांच्या हाती हातोडा, भिंग आणि भूशास्त्रीय नकाशा देण्यात आला होता. वाटेत लागणारे खडक होते चुनखडक, वालुकाश्म आणि शेल, म्हणजे पाण्याने किंवा वाऱ्याने साचवलेल्या गाळाचे खडक. चंद्रावर यांपैकी एकही सापडण्याची शक्यता नव्हती. तरीही नियमित प्रशिक्षणाच्या पहिल्या धड्यासाठी हीच जागा निवडली गेली, आणि ती निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. वरच्या कड्याचा कायबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा आहे, तर तळाशी कोलोरॅडो नदीजवळ उघडा पडलेला, विष्णू शिस्ट या नावाने ओळखला जाणारा खडक १७० कोटी वर्षांहून जुना आहे. जे खाली ते आधीचे, जे वर ते नंतरचे, आणि एखाद्या थराला जे छेदून जाते ते त्या थरापेक्षा नवे, हा भूशास्त्राचा पाया. चंद्रावर वाहते पाणी नाही, हवा नाही, गाळही नाही; पण तिथेही एका विवरातून उडालेला चुरा दुसऱ्या विवरावर पसरलेला असतो आणि लाव्हाचा एक थर दुसऱ्यावर चढलेला असतो. हा नियम तिथे जसाच्या तसा लागू पडतो, आणि तो पायांनी चालून शिकायला ग्रँड कॅन्यनसारखी दुसरी जागा शोधून सापडणार नाही.

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकले आणि नंतर उपजीविकेसाठी वेगळ्या क्षेत्रात गेले, पण खडकांची ओढ कायम राहिली. अपोलो मोहिमांतील चंद्रपृष्ठावरच्या संभाषणांची लिखिते नासाने सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि ती वाचणे हा गेली अनेक वर्षे माझा आवडता उद्योग आहे. रॉकेटची ताकद, गणकयंत्राची स्मृती, उतरण्याच्या क्षणी उरलेले इंधन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिले जायलाच हवे होते. मला मात्र त्या लिखितांमध्ये सर्वांत थक्क करते ती एक वेगळी गोष्ट: चंद्रावर उभा असलेला वैमानिक पायाजवळच्या दगडाचे वर्णन अशा नेमकेपणाने करतो, की चार लाख किलोमीटरांवर ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात बसलेल्या भूशास्त्रज्ञाला तो दगड डोळ्यांसमोर उभा करता यावा. ही क्षमता जन्मजात नव्हती. ती माळरानांवर, डोंगरउतारांवर आणि लाव्हाच्या मैदानांवर वर्षानुवर्षे घडवली गेली, आणि ती घडवणाऱ्या शिक्षकांचे ऋण मला अपोलोच्या अभियंत्यांच्या ऋणाइतकेच मोठे वाटते.

या प्रशिक्षणामागे पहिला आग्रह होता तो यूजीन शूमेकर यांचा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात, म्हणजे यूएसजीएसमध्ये, त्यांनी खगोल-भूशास्त्राची शाखा उभी केली आणि पुढे ती अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ या गावी नेली. अ‍ॅरिझोनातील मिटिऑर क्रेटर हे सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे विवर उल्काघातानेच झाले आहे, हे त्यांनी भक्कम पुराव्यानिशी दाखवले होते. अणुस्फोटांनी नेवाडाच्या वाळवंटात जी विवरे झाली होती त्यांच्याशी त्यांनी मिटिऑर क्रेटरची तुलना केली, आणि १९६० मध्ये एडवर्ड चाओ यांच्याबरोबर तिथल्या खडकात कोएसाइट हे खनिज शोधून काढले. क्वार्ट्‌झवर प्रचंड दाब पडल्याशिवाय ते तयार होत नाही. जानेवारी १९६३ मध्ये अंतराळवीरांच्या दुसऱ्या तुकडीतील नऊ जणांना त्यांनी हे विवर दाखवले. विवराच्या काठावर तव्यावरची भाकरी उलटावी तसे खडकांचे थर उलटे झालेले आहेत: सगळ्यांत खालचा थर सगळ्यांत वर येऊन पडला आहे. चंद्रावर खोल खणण्याचे साधन कोणाजवळच असणार नव्हते. पण विवराच्या काठाशी जो दगड पडलेला असेल तो खोलातून वर आलेला असण्याची शक्यता अधिक, हे ज्याने इथे एकदा डोळ्यांनी पाहिले त्याला चंद्रावर कुठे हात घालायचा ते कळणार होते.

शूमेकर यांना स्वतःला चंद्रावर जायचे होते. त्याच वर्षी त्यांना अ‍ॅडिसनचा विकार असल्याचे निदान झाले आणि तो मार्ग कायमचा बंद झाला. त्यानंतरही त्यांनी इतरांना तयार करण्याचे काम सोडले नाही, हे मला त्यांच्या कोणत्याही शोधाइतकेच मोलाचे वाटते.

सुरुवातीची काही वर्षे हे शिक्षण सगळ्यांना सारखे भावले असे नाही. वर्गात खनिजांची नावे, स्फटिकांचे वर्ग आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या असा भरगच्च अभ्यासक्रम होता, आणि ज्या माणसाचे मन यान चंद्रावर सुखरूप उतरवण्याच्या विचारात गुंतलेले आहे त्याला फेल्डस्पार या खनिजाचे प्रकार पाठ करणे जड जाणे स्वाभाविक होते. काहींनी त्यात फारसा रस घेतला नाही, काहींनी कर्तव्य म्हणून घेतला, आणि काहींना मात्र खडकांनी खरोखर पकडले. प्रवास पुष्कळ झाले: टेक्सासमधला बिग बेंडचा परिसर, ओरेगॉनमधली ज्वालामुखी प्रदेशातली मैदाने, हवाई बेटे, अलास्कातील कटमाई, मेक्सिकोतील पिनाकाते. आइसलंडला १९६५ आणि १९६७ अशा दोन उन्हाळ्यांत तुकड्या नेण्यात आल्या. तिथला आस्क्या ज्वालामुखीचा परिसर हा लाव्हा आणि राखेचा विस्तीर्ण, झाडाझुडपांविना पसरलेला प्रदेश आहे, आणि झाडे नसणे हा भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळणारा मोठा आशीर्वाद असतो. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर ज्याने खडक शोधला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

फ्लॅगस्टाफजवळच्या सिंडर लेक येथे यूएसजीएसच्या लोकांनी याहून धाडसी काम केले. तिथे सनसेट क्रेटर या ज्वालामुखीतून पडलेल्या काळ्या राखखड्यांचा थर होता आणि त्याखाली फिकट रंगाची माती होती. चंद्रावरच्या मारे ट्रँक्विलिटॅटिस या मैदानाच्या एका भागाचे, लुनार ऑर्बिटर यानाने काढलेले छायाचित्र समोर ठेवून त्यांनी जुलै १९६७ मध्ये स्फोटके पुरली आणि छायाचित्रातल्या विवरांच्या मापाबरहुकूम ४७ विवरे जमिनीवर उठवली. स्फोटाने खालची फिकट माती काळ्या थरावर उडाली आणि चंद्रावरच्या ताज्या विवरांभोवती दिसतात तसे पांढुरके पट्टे तयार झाले. कुठल्या विवराचा चुरा कुठल्या विवरावर पडला आहे हे पाहून त्यांचा क्रम लावण्याचा सराव इथे करता येत असे. ग्रँड कॅन्यनमध्ये जो नियम कोट्यवधी वर्षांच्या खडकांत वाचायचा होता तोच इथे काही दिवसांपूर्वीच्या सुरुंगात वाचायचा होता.

या शिक्षणाचे पहिले फळ अपोलो ११ मध्येच दिसले, आणि त्याची चर्चा मला हवी तेवढी झालेली दिसत नाही. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांना चंद्रपृष्ठावर अवघे अडीच तास मिळाले, आणि त्यातला बराचसा वेळ झेंडा, उपकरणे आणि छायाचित्रे यांत गेला. नमुन्यांची पेटी बंद करण्यापूर्वी तीत दगडांमध्ये मोकळी जागा राहिली आहे असे आर्मस्ट्राँग यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी फावड्याने पटापट माती उचलून ती जागा भरली. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. अपोलो ११ ने आणलेल्या मातीतले बारीक कण तपासताना भूशास्त्रज्ञ जॉन वूड यांना त्यांत पांढऱ्या अनॉर्थोसाइटचे, म्हणजे जवळजवळ सगळ्या फेल्डस्पारने बनलेल्या खडकाचे, कण सापडले. हे कण त्या काळ्या बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, मैदानातले नव्हते. ते दूरच्या उंच, उजळ प्रदेशांतून आघातांनी उडून तिथे आले होते. त्यावरून १९७० मध्ये एक कल्पना मांडली गेली: आरंभी सगळा चंद्र वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला असावा आणि त्यावर हलके फेल्डस्पार तरंगत वर येऊन त्याचे पांढरे कवच झाले असावे. चंद्राच्या जन्मकथेचा आज मान्य असलेला गाभा हाच आहे.

पण सप्टेंबर १९६९ मध्ये जे घडले त्याने प्रशिक्षणाचे रूपच पालटले. हॅरिसन श्मिट हे १९६५ मध्ये निवडले गेलेले भूशास्त्रज्ञ अंतराळवीर. आपल्या सहकाऱ्यांना नुसत्या सहली नव्हे, खरा गुरू हवा हे त्यांनी ओळखले, आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आपले जुने शिक्षक ली सिल्व्हर यांना गळ घातली. सिल्व्हर अपोलो १३ च्या मुख्य आणि राखीव तुकड्यांतील जिम लव्हेल, फ्रेड हेझ, जॉन यंग आणि चार्ली ड्यूक या चौघांना दक्षिण कॅलिफोर्नियातील ओरोकोपिया डोंगरांत घेऊन गेले. हे डोंगर रखरखीत आहेत आणि त्यांचे खडक भंगलेले, दुमडलेले, एकमेकांवर सरकलेले आहेत. पुस्तकातले चित्र तिथे कुठेच सरळ सापडत नाही.

सिल्व्हर यांची रीत साधी होती आणि ती मला कोणत्याही शाळेत राबवण्याजोगी वाटते. ते विद्यार्थ्यांना एका जागी नेऊन सोडत, ठरावीक वेळ देत आणि सांगत की पाहा, वर्णन करा, आणि या जागेची गोष्ट सांगू शकतील असे मोजके नमुने निवडा. नंतर ते स्वतः तीच वाट चालत आणि काय पाहायचे राहिले ते दाखवत. जवळ काय आहे याआधी लांबवर काय आहे ते पाहायचे; डोंगराचा आकार, थरांचा कल, उतारावरून कोसळलेल्या दगडांचा उगम हे सगळे आधी, आणि हातातला दगड मागाहून. नमुना उचलायचा तो देखणा आहे म्हणून नाही, तर तो आजूबाजूच्या बहुसंख्य दगडांसारखा आहे म्हणून, किंवा त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे वेगळा आहे म्हणून. आणि दोन्हींपैकी कशासाठी उचलला ते तोंडाने सांगायचे. पुढे अपोलो १५ च्या तयारीत जवळजवळ दर महिन्याला अशी फेरी होऊ लागली आणि तिच्यात आणखी एक गोष्ट आली. डेव्हिड स्कॉट आणि जिम इरविन पाठीवर नकली संच आणि छातीवर कॅमेरा घेऊन डोंगरात फिरत, आणि काही भूशास्त्रज्ञ व ह्यूस्टनहून त्यांच्याशी बोलणार असलेला सहकारी जो अ‍ॅलन हे मध्ये टेकाड ठेवून दृष्टीआड बसत. त्यांच्याजवळ फक्त विमानातून घेतलेले छायाचित्र आणि बिनतारी संच असे. डोंगरातून येणाऱ्या शब्दांवरून त्यांना तिथला नकाशा काढायचा असे. नकाशा चुकला तर बोलण्यात काहीतरी कमी होते, हे दोन्ही बाजूंना तिथल्या तिथे कळत असे.

हे वाचताना मला माझ्या शिक्षकांची आठवण होते, ज्यांनी घाटातल्या कापलेल्या रस्त्याकडेला आम्हाला उभे करून सांगितले होते की पहिला अर्धा तास कोणीही खडकाचे नाव घ्यायचे नाही. रंग सांगा, ताज्या फुटीवरचा आणि हवा लागून बदललेल्या सालीचा वेगवेगळा. कण डोळ्यांनी दिसतात की भिंगाने. पोकळ्या आहेत का, त्या गोल आहेत की एका दिशेला ओढल्यासारख्या लांबट. त्या रिकाम्या आहेत की भरलेल्या. बेसाल्ट हा शब्द उच्चारला की पाहणे थांबते, असे त्यांचे म्हणणे होते. भिंग डोळ्याला अगदी लावून आणि दगड जवळ आणत गेले की दख्खनच्या त्या काळ्या पाषाणात फेल्डस्पारच्या बारीक पांढऱ्या काड्या चमकताना दिसतात, आणि एखाद्या पोकळीच्या भिंतीवर हिरवट थर व त्याच्या आत झिओलाइटचे पांढरे स्फटिक उभे असतात. हा क्रम म्हणजे एक इतिहास असतो: आधी लाव्हातून वायूचा बुडबुडा, मग लाव्हाचे घट्ट होणे, मग त्यातून झिरपलेले पाणी, आणि पाण्यातून वाढलेले स्फटिक. चंद्रावरच्या बेसाल्टमध्येही बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत, पण त्या रिकाम्या आहेत, कारण त्यांना भरायला पाणी कधी आलेच नाही.

अशाच एका पोकळ्यांच्या दगडासाठी स्कॉट यांनी चंद्रावर एक युक्ती केली. वेळ संपत आल्यामुळे त्यांना रोव्हर या चंद्रगाडीवरून मुक्कामी परतण्याचा आदेश होता, थांबण्याची मुभा नव्हती. वाटेत त्यांना एक काळा, छिद्राछिद्रांचा बेसाल्ट एकटाच पडलेला दिसला. आसनाचा पट्टा नीट करायचा आहे असे सांगून ते थांबले, इरविन ह्यूस्टनशी आजूबाजूच्या भूभागाविषयी बोलत राहिले, आणि तेवढ्यात स्कॉट यांनी दगड उचलला. जवळजवळ एक किलो वजनाच्या त्या नमुन्याला सीटबेल्ट बेसाल्ट हेच नाव पडले. एखाद्या माणसाला दगड मागे सोडून जाणे अशक्य वाटावे, इतके शिक्षण त्याच्या अंगात भिनले होते, यापलीकडे सिल्व्हर यांना कोणते प्रशस्तिपत्र हवे असेल?

अपोलो १५ ची सुरुवातच भूशास्त्रज्ञाच्या चालीने झाली होती. जुलै १९७१ च्या अखेरीस हॅडली पर्वतांच्या पायथ्याशी उतरल्यावर बाहेर पाऊल ठेवण्याआधी स्कॉट यानाच्या छपराचा दरवाजा उघडून उभे राहिले आणि अर्ध्या तासाहून अधिक काळ त्यांनी सभोवतालच्या साऱ्या प्रदेशाचे वर्णन केले आणि छायाचित्रे घेतली. नव्या प्रदेशात गेल्यावर आधी उंचावर जाऊन चौफेर पाहायचे, हे त्यांनी डोंगरात शिकलेले होते. १ ऑगस्टला स्पर नावाच्या लहान विवराच्या काठाशी त्यांना करड्या मातीच्या एका उंचवट्यावर बसलेला पांढरा दगड दिसला. स्कॉट यांनी तो चिमट्याने उचलून धूळ झटकली, तेव्हा त्यांना स्फटिकांच्या पृष्ठांवर प्लाजिओक्लेज फेल्डस्पारची ओळख असलेल्या समांतर रेषा चमकताना दिसल्या. जवळजवळ सगळा दगडच त्या एका खनिजाचा आहे आणि तो अनॉर्थोसाइटच्या जवळचा असावा, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. ज्यासाठी आलो ते सापडले असे वाटते, हेही सांगितले. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गॅब्रिएल डोंगरांत त्यांना अनॉर्थोसाइट प्रत्यक्ष दाखवण्यात आला होता. साधारण २७० ग्रॅमचा हा दगड जेनेसिस रॉक म्हणून ओळखला जातो, आणि त्याचे वय चार अब्ज वर्षांहून अधिक आहे. आर्मस्ट्राँग यांच्या फावड्यात आलेल्या कणांनी जी कल्पना सुचवली होती, तिला इथे एक सबंध दगड मिळाला.

त्याची नोंद कशी झाली तेही सांगायला हवे. दगड उचलण्याआधी त्याच्या शेजारी नोमॉन नावाची तिपाई ठेवायची, जिचा मधला दांडा नेहमी उभ्या दिशेत राहतो आणि जिच्यावर रंगांची व करड्या छटांची पट्टी असते. तिच्यामुळे छायाचित्रात माप, उतार, सूर्याची दिशा आणि रंग सगळे एकदम नोंदले जाते. मग एक छायाचित्र सूर्याकडे पाठ करून, दोन बाजूने थोडे अंतर सोडून, नंतर दगड उचलून क्रमांकाच्या पिशवीत घालायचा, पिशवीचा क्रमांक मोठ्याने सांगायचा आणि रिकाम्या जागेचे पुन्हा छायाचित्र घ्यायचे. फुगलेल्या, ताठ हातमोज्यांनी हे सगळे करायचे, आणि बोटे काही वेळातच भरून येत. कुठून आणला हे ठाऊक नसलेला दगड भूशास्त्रात जवळजवळ मुका असतो. म्हणूनच सहा मोहिमांतून आलेले ३८२ किलो नमुने आज पन्नासहून अधिक वर्षांनीही बोलते राहिले आहेत.

माझ्या मते या साऱ्या शिक्षणाची खरी कसोटी अपोलो १६ मध्ये लागली. तयारीसाठी जॉन यंग आणि चार्ली ड्यूक यांना जुलै १९७१ मध्ये कॅनडातील सडबरी येथे नेण्यात आले होते. सडबरीचा परिसर तेव्हा धातूच्या भट्ट्यांच्या धुराने उजाड झालेला होता, आणि तो चंद्रासारखा दिसतो म्हणून अंतराळवीर तिथे आले, असा समज पसरला व आजही ऐकू येतो. प्रत्यक्षात ते आले होते सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड आघाताच्या खुणा पाहायला: खडकात शंकूच्या आकारात उमटलेल्या शॅटर कोन नावाच्या भेगा, आणि आघाताने चुरा होऊन पुन्हा सांधले गेलेले ब्रेशिया खडक. त्याआधी अपोलो १४ च्या तुकडीने जर्मनीतील रीस विवर पाहिले होते, ज्याच्या आत नॉर्डलिंगेन हे गाव वसलेले आहे आणि गावातले जुने चर्च आघातात तयार झालेल्या सुएव्हाइट खडकानेच बांधलेले आहे.

एप्रिल १९७२ मध्ये यंग आणि ड्यूक चंद्राच्या देकार्त पठारावर उतरले, तेव्हा तिथे ज्वालामुखीचे खडक मिळणार अशी बहुतेक भूशास्त्रज्ञांची खात्री होती. दुर्बिणीतून आणि कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांवरून हा अर्थ काढला गेला होता, आणि जागाही त्यासाठीच निवडलेली होती. यंग आणि ड्यूक बाहेर पडले, दगड पाहू लागले, आणि सांगत राहिले की हे ब्रेशिया आहेत. पुढच्या ठिकाणीही ब्रेशिया, त्याच्या पुढेही ब्रेशिया. ज्वालामुखीचा खडक दिसत नाही. दोघांपैकी एकही भूशास्त्रज्ञ नव्हता, आणि ज्यांनी त्यांना शिकवले त्याच लोकांची अपेक्षा ते मोडून काढत होते. अशा वेळी शिष्याला गुरूंना हवे तेच दिसू लागण्याचा मोह किती मोठा असतो, हे शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांनी दिसले ते सांगितले. ह्यूस्टनच्या खोलीतल्या भूशास्त्रज्ञांनी ते ऐकून घेतले, आणि चंद्राचे उंच प्रदेश ज्वालामुखींनी नव्हे तर महाप्रचंड आघातांनी घडवले आहेत हे चित्र पक्के झाले. ओरोकोपियाच्या पहिल्या फेरीला गेलेल्या चौघांपैकी लव्हेल आणि हेझ यांना यानातील स्फोटामुळे चंद्रावर उतरता आले नाही. उरलेल्या या दोघांनी त्या फेरीचे चीज केले. मोहिमेचे प्रमुख क्षेत्र-भूशास्त्रज्ञ विल्यम म्यूलबर्गर यांच्या नावावरून बिग म्यूली म्हटला गेलेला ११.७ किलोचा दगड त्यांनीच आणला. अपोलोने आणलेला तो सर्वांत मोठा एकसंध दगड आहे.

कक्षेत एकटा फिरत राहणाऱ्या वैमानिकालाही हे शिक्षण मिळत होते, आणि ते देणारे फारूक एल-बाज हे मूळचे इजिप्तचे भूशास्त्रज्ञ होते. विमानातून पृथ्वीवरचे प्रदेश ओलांडताना खालच्या भूरूपांचे वर्णन करायचे, हा त्यांचा सराव. अपोलो १५ चे आल वर्डन यांनी कक्षेतून लिट्रो विवराजवळचे गडद भाग आणि लहान शंकू टिपले, आणि शेवटच्या मोहिमेची जागा ठरवताना त्या निरीक्षणाचा विचार झाला. तिथेच डिसेंबर १९७२ मध्ये श्मिट यांना शॉर्टी विवराच्या काठावर नारिंगी माती दिसली, जी साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या लाव्हाच्या कारंज्यातून उडालेल्या काचेच्या सूक्ष्म मण्यांची निघाली. श्मिट हे चंद्रावर गेलेले एकमेव व्यावसायिक भूशास्त्रज्ञ. सुरुवातीपासून त्यांच्यासारखेच लोक का पाठवले नाहीत, असा प्रश्न विचारला जातो. मला त्या प्रश्नात वैमानिकांवर थोडा अन्याय दिसतो. पण एवढे मात्र खरे की एकच भूशास्त्रज्ञ, आणि तोही शेवटच्या यानात, हे प्रमाण फार कमी होते.

आता पुन्हा चंद्राची तयारी चालू आहे. नासाच्या आर्टेमिस २ या चंद्रमोहिमेच्या तुकडीने २०२४ मध्ये आइसलंडमध्ये भूशास्त्राचा अभ्यास केला. युरोपीय अंतराळ संस्था आपल्या अंतराळवीरांना डोलोमाइट डोंगर, रीस विवर आणि लांझारोते बेटावर नेते. भारतानेही २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे, आणि इथे मला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारविषयी कळकळीने बोलावेसे वाटते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसाल्टमध्ये उल्काघाताने झाले आहे. १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात त्याचे पुरावे मांडले, तेव्हाच तिथले ब्रेशिया आणि काचमणी अपोलोच्या नमुन्यांशी किती जुळतात हे त्यांनी नोंदवले होते. चंद्राची काळी मैदाने बेसाल्टची आहेत, आणि बेसाल्टमधले इतके सुस्थितीतले आघात विवर पृथ्वीवर दुर्मिळ आहे. चंद्राच्या पांढऱ्या कवचाचा खडक हवा असेल तर तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यात सित्तमपुंडी येथे अनॉर्थोसाइट आहे. इस्रोने चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी नकली चांद्रमाती त्याच खडकापासून बनवली होती. म्हणजे चंद्राचे दोन्ही मुख्य खडक आणि आघाताचा धडा हे सगळे आपल्या देशात एका रेल्वेप्रवासाच्या अंतरात आहे.

लोणारला अंतराळवीरांची पहिली तुकडी आणायची झाली तर ती उन्हाळ्यात आणावी, गवत वाळून काठावरचे उघडे खडक दिसू लागल्यावर. लोणार अभयारण्य असल्याने तिथे हातोडा चालवता येणार नाही, आणि तो चालवण्याची गरजही नाही. दोघांनी काठावरून चालत बाहेरच्या बाजूला कललेले लाव्हाचे थर शब्दांत सांगावेत, आणि उरलेल्यांनी गावात एखाद्या खोलीत बसून, फक्त आवाज ऐकत, त्यांचा नकाशा काढावा. संध्याकाळी तो नकाशा घेऊन सगळ्यांनी मिळून तीच वाट पुन्हा चालावी.